विम्याची खोली

पोट आगीवर भरायचं आणि शेजारी कुणी काडी ओढली तरी दचकायचं, असा त्याचा संसार होता. आग विझवायचे लाल सिलिंडर भरणं, तपासणं, भिंतीला लावणं हे त्याचं काम. दुकानात त्याला सगळे धसका म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं बाहेर निघायचं. मालक खुशीत असले की धसकेराव म्हणत, चिडले की नुसतंच 'धसक्या'. त्याला त्याचा राग यायचा नाही. आपण धसका घेतला नाही तर घेणार कोण, असं त्याला प्रामाणिकपणे वाटायचं.

भित्रेपणा तसा लहानपणापासूनचा. वडील कापड गिरणीत मागावर होते. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे, आणि हा हळूच जाऊन त्यांच्या नाकाशी बोट धरून बघायचा. वडील डोळे न उघडता म्हणायचे, "आहे रे, आहे. जा, खेळ जा." मग हा खेळायला जायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा यायचा.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तोंड दुसऱ्याचं पोळलं होतं आणि फुंकर हा मारत बसला होता. नोकरीला लागला त्याच वर्षी एका कचेरीच्या तळघरात, जुन्या कागदांच्या कोठारात, गॅसची यंत्रणा बसवायला तो गेला होता. अशा ठिकाणी पाणी चालत नाही, कागदाचा लगदा होतो. म्हणून धूर आला की आधी भोंगा वाजतो, माणसांनी बाहेर पडायचं, दार आपोआप मिटतं आणि मग सिलिंडरमधला गॅस खोलीभर सुटतो. हा गॅस आगीचा श्वास कोंडतो. कोंडताना आगीचा कोणता आणि माणसाचा कोणता, हे तो विचारत बसत नाही. त्या दिवशी चाचणी चालू असताना भोंगा वाजला आणि सगळे बाहेर आले. एक वायरमन मात्र हत्यारांची पिशवी आत राहिली म्हणून परत वळला. पुढे दार उघडलं तेव्हा त्याची बोटं पिशवीच्या पट्ट्यात तशीच अडकलेली होती. त्याला याने पायांकडून धरून बाहेर आणलं. आणताना एक बूट याच्या हातात निघून आला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना, आणि संध्याकाळपर्यंत हा तो बूट घेऊन उभा होता.

तेव्हापासून कुठेही गेला तरी तो आधी बाहेर जायचा रस्ता बघायचा. सिनेमात दाराजवळची खुर्ची, लिफ्टऐवजी जिना, झोपायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडीची कळ चार वेळा बंद. कळ आधीच बंद असायची, पण याच्या हाताचा तिच्यावर भरवसा नव्हता.

अशा माणसाबरोबर संसार करायचा तर एकच युक्ती. त्याला काही सांगायचं नाही. त्याची बायको एका लॉन्ड्रीत सकाळच्या पाळीला कामाला होती. आलेल्या प्रत्येक कपड्याला न पुसणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेली चिंधी बांधायची, हे तिचं काम. इतकी वर्षं त्यात गेली, पण एकाचा सदरा दुसऱ्याकडे गेला असं कधी झालं नाही. शांत बाई. तिचा पाय मुरगळला ते याला सूज उतरल्यावर कळलं. वडील रस्त्यात पडले ते खरचटलेल्यावर खपली धरल्यावर कळलं. "आधी सांगून काय?" ती म्हणायची. "मला पाय सांभाळायचा की तुम्हाला?" घरात खोटं कुणीच बोलत नव्हतं. सांगत मात्र कुणीच नव्हतं.

वडिलांना तर सांगितलेलं ऐकूच यायचं नाही. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान कधीच नेले होते. कानात यंत्र होतं, पण उशीला डोकं टेकलं की ते शिट्टी मारायचं, म्हणून झोपताना ते काढून ठेवायचे. यंत्र काढलं की कानाशी नगारा वाजवला तरी म्हातारा ढिम्म हलायचा नाही.

आता खेळांबद्दल. व्हिडिओ गेमच्या कॅसेटी, त्यांची यंत्रं, हातात धरायचे रिमोट आणि खोकी. असतील नसतील तेवढी जुनी खोकी याने वीस-पंचवीस वर्षं गोळा केली होती. बंद पडणाऱ्या दुकानांतून, भंगारवाल्याकडून, ज्यांची मुलं मोठी झाली त्यांच्या माळ्यावरून. त्यात काही खोकी तर कधी उघडलेलीच नव्हती. त्यांच्यावरचा पातळ कागद कारखान्यात चढला तो तसाच होता.

सुरुवात केली होती वडिलांनीच. मुलाला खेळ हवा म्हणून बाजारातून एक जुनी कॅसेट घेऊन आले. ती लावायला यंत्र वेगळं लागतं हे बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं, खेळ म्हणजे हाच. पोरानेही ते सांगितलं नाही. वडिलांना वाईट वाटेल याची भीती वाटली. दोन वर्षं तो ती कॅसेट हातात धरून तोंडाने आवाज काढत खेळला. शेवटी एका मित्राकडे यंत्र आलं तेव्हा ती त्याच्यात बसेना. भोक लहान होतं. तर अशी ती पहिली कॅसेट, खाली खिळ्याने नाव कोरलेली, वरचा कागद फाटलेली, सगळ्यांच्या अगोदर फळीवर बसलेली.

हे सगळं सुखाने चाललं होतं. मग एका ओळखीच्या दुकानदाराने जीभ उचलली, "अहो, याचा विमा उतरवा की!" आणि विमा कंपनीचा माणूस किंमत करायला घरी आला. हातमोजे घातलेला, गोड बोलणारा. त्याने दुपारभर खोकी उलटसुलट करून बघितली, फोटो काढले, ती पहिली कॅसेट उचलून "ही हिशेबात धरत नाही, हिला काही किंमत नाही" म्हणून बाजूला ठेवली आणि निघताना चपला घालता घालता म्हणाला, "घराला कुलूप चांगलं लावत जा. या खोक्यांची किंमत तुमच्या घरापेक्षा जास्त आहे."

झालं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतोच. याने तर त्याला घरी बोलावून खुर्ची दिली.

काल जी खोकी होती ती आज ऐवज झाली. पाण्याचा नळ गळला तर? उंदीर आला तर? वरच्या मजल्यावरची बाई झाडांना पाणी घालते, ते झिरपलं तर? खिडकीतून येणाऱ्या उन्हाने रंग उडेल, दमट हवेने कागद फुगेल. भाजीवाला दारात जरा जास्त रेंगाळला की याला त्याच्या डोळ्यांत कुलूप मोजल्याची नजर दिसायची. विम्याची अट साधी होती. वस्तू वेगळ्या, कुलूपबंद, कोरड्या खोलीत ठेवा आणि आगीची सोय करा. पाण्याने झालेलं नुकसान आम्ही देणार नाही. एवढंच. पण धसक्याला 'एवढंच' हा शब्द माहीत नव्हता.

वेगळी खोली घरात एकच होती, वडिलांची. ती घराच्या आतल्या अंगाला, सावलीची. वडिलांची खाट बाहेरच्या खोलीत आली. "तुम्हाला तिथे टीव्ही आहे, येणारे-जाणारे दिसतील," याने त्यांच्या कानातल्या यंत्रात ओरडून सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मला काय, पाठ टेकली की झालं." बाहेरच्या खोलीच्या खिडक्या पश्चिमेला होत्या आणि दुपारनंतर तिथे भाकरी भाजावी असं ऊन यायचं, हे बोलला नाही. आतल्या खोलीत मात्र एसी बसला. खोक्यांसाठी. जाड दार बसलं, आपोआप मिटून कुलूप लागणारं. हवेतला ओलावा दाखवणारं घड्याळ लागलं. माणसाच्या श्वासातही ओलावा असतो असं त्याने कुठेतरी वाचलं, म्हणून रविवारी धूळ झटकायला तो स्वतः आत जायचा तेव्हा तोंडाला फडकं बांधून. बाकी कुणी आत जायचं नाही, किल्ली त्याच्या कमरेला.

आणि मग त्याने मालकांकडे गॅसची यंत्रणा मागितली.

मालकांनी चष्मा कपाळावर नेला. "राहत्या घरात? वेड लागलं का? हे कोठारात बसवतात, मशीनच्या खोलीत बसवतात. तुला मी सांगायला पाहिजे? बूट धरून कोण उभं होतं?"

"आत कुणी जात नाही, मालक. किल्ली माझ्याकडे असते."

"साधा सिलिंडर टांग दाराशी."

"तो चालवायला माणूस घरी लागतो. मी असतो कामावर. आणि त्या पावडरीने खोकी जातील."

आठ दिवस तो मालकांच्या मागे लागला. शेवटी वैतागून ते स्वतः आले, उभं राहून काम करून घेतलं. छताला धूर ओळखणारी डबी, दारावर भोंगा, कोपऱ्यात कमरेइतका लाल सिलिंडर. भोंगा वाजल्यावर माणूस आरामात बाहेर पडेल एवढी उसंत त्यांनी यंत्रात लावून दिली. धूर लागला की याच्या फोनवर घंटा वाजेल, अशीही सोय झाली. सिलिंडरच्या तोंडाशी एक पिन बसते, तांबडी फीत लावलेली. ती आत असेपर्यंत काही झालं तरी गॅस सुटत नाही. आत काम करायचं असलं की पिन लावायची, बाहेर आलं की काढायची. या धंद्यातला हा पहिला धडा. काम झाल्यावर मालक चहाला स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ तिथेच वहिनींशी बोलत राहिले. धसका आत वायरी पुसत होता.

बायकोने विचारलं, "हे एवढं मोठं कशाला?"

"आग विझवायला," तो म्हणाला. पुढचं सांगितलं नाही. उगीच घाबरेल ती.

मालक गेल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली. तीही सांगितली नाही. भोंगा वाजल्यापासून गॅस सुटेपर्यंतची जी उसंत होती, ती त्याने कमी केली. जवळजवळ नाहीशीच केली. तेवढ्या वेळात वरची खोकी तापली असती. आत थोडंच कुणी असणार होतं?

पिन काढून त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली. त्यानंतर कामावर असताना मधूनमधून तो खिशाला हात लावून बघायचा. पिन इथे आहे, म्हणजे घरी गॅस तयार आहे. तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटायचं.

एका रविवारी त्याला खोलीत वास आला. उग्र, औषधी. फडक्यातूनसुद्धा नाकाला झोंबला. खोक्यांचा डिंक सडायला लागला! एकेक खोकं त्याने हुंगून पाहिलं, ओलावा शोषायच्या पुड्या सगळ्या बदलल्या, रात्री जेवला नाही. वडील त्याला म्हणाले, "काळजी करू नकोस रे. मला तर हल्ली दुपारची झोप इतकी छान लागते!" कशाचा कशाला संबंध नाही, म्हणून याने मान हलवली आणि पुन्हा डिंकाचा विचार करायला लागला.

तो दिवस असाच, कामाचा. कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात गठ्ठ्यांच्या मागे टांगलेले सिलिंडर तो तपासत होता. खिशात फोन वाजला. घरच्या यंत्राची घंटा. धूर.

हातातला सिलिंडर पायावर पडायचा राहिला. तळघरात फोन नीट लागेना म्हणून तो जिना चढत वर धावला, कापडाच्या ठाणांवरून, गिऱ्हाइकांच्या अंगावरून. दुपारची वेळ, बायको घरी होती. तिने फोन उचलला. मागे भोंगा ठणाणा करत होता.

"दार उघडू नकोस!" तो ओरडला. दुकानातले लोक वळून बघायला लागले. "ऐकतेस ना? काही झालं तरी दार उघडू नकोस!"

"अहो, पण बाबा..."

"बाबांना गॅलरीत बसव! तू दार उघडलंस की गॅस बाहेर येईल, मग आग विझायची नाही, सगळं जाईल! हात लावू नकोस दाराला!"

तिकडून फोन बंद झाला. याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. नुसता वाजत राहिला.

स्कूटर चालू करताना त्याच्या डोळ्यांपुढे फळ्या होत्या. वरची फळी, न उघडलेली खोकी, त्यांच्यावरचा आक्रसत जाणारा कागद. गॅस सुटला असेल. सुटलाच असेल, उसंत ठेवलीच नव्हती आपण. बरं केलं आपण. शाबास. असं स्वतःला सांगत तो पहिल्या चौकापर्यंत आला आणि सिग्नलला थांबला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या मागे मोटरसायकलवर बसलेले. त्यांच्याकडून वाऱ्याबरोबर वास आला. उग्र, औषधी. गुडघ्याला लावायच्या मलमाचा.

तोच वास. डिंक नव्हता तो.

मग एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊन उभी राहिली. वडिलांच्या चपला बाहेरच्या खाटेशी नसायच्या, आतल्या दाराशी असायच्या. दुपारची छान झोप. बाहेरच्या खोलीत पश्चिमेचं ऊन आणि आत एसी. बायकोने दुसरी किल्ली करून घेतली असणार, आणि याला सांगितलं नसणार, कारण याला कुणी काहीच सांगत नाही. 'अहो, पण बाबा.' ती सांगत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती आधी सांगत होती, आणि आपण काय म्हणालो?

दार उघडू नकोस.

वडील आत झोपलेत. कानात यंत्र नाही. भोंगा आहे, पण तो कुणासाठी? सिग्नल कधी सुटला त्याला कळलं नाही, मागच्या गाड्या केकाटायला लागल्या. त्याला फक्त खिसा आठवला. पिन. सकाळी आपण विसरलो असू. देवा, आज एकदा तरी विसरलो असू. आयुष्यभर एकही गोष्ट न विसरल्याचा त्याला इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता. पिन सिलिंडरलाच राहिली असेल तर बाबा वाचले. खिशात असेल तर...

त्याला खिशाला हात लावायचा धीर होईना. दिवसातून दहा वेळा सवयीने जाणारा हात हँडलला चिकटून बसला. पुढच्या वळणावर खड्ड्यात स्कूटर आदळली आणि छातीवर काहीतरी टोचलं. हात लावायची गरजच उरली नाही. पिन खिशात होती.

त्यानंतरचा रस्ता कसा गेला हे त्याला आजही सांगता येत नाही. तो मोठ्याने रडत स्कूटर चालवत होता, एवढं एका शेजाऱ्याने पाहिलं. जणू याच्या हातात पुन्हा तो बूट होता. या खेपेला त्याला माहीत होतं बूट कुणाचा. वडील बूट घालत नसत, जुनी चप्पलच, अंगठा शिवलेली. ती दाराशी पडलेली असेल. ती उचलून कुठे ठेवायची? आता आपल्याला त्यांना पायांकडून धरू देतील का? आपला धंदाच तो. पण आपल्यालाच धरायला सांगतील का?

गल्लीच्या तोंडाशीच भोंगा ऐकू आला. जिन्यात शेजारीपाजारी कानांवर हात ठेवून उभे. कुणीतरी त्याला काही सांगत होतं, ते भोंग्यात बुडालं. वर दार सताड उघडं होतं. तो आत शिरला.

वडील बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, पायांवर टॉवेल, हातात पाण्याचा पेला. केस एका बाजूने उशीने चापट झालेले. ते पेल्यातून पाणी पीत होते आणि दारातल्या लोकांकडे बघून विचारत होते, "हे सगळे कानावर हात का ठेवून उभे आहेत?"

धसका त्यांच्यापाशी खाली बसला, बसला म्हणजे पडलाच. त्यांचे पाय धरले. पाय गरम होते. चेहरा चाचपला, मग नाकाशी बोट धरलं. म्हाताऱ्याने ते झटकलं. बायको आत जाऊन भोंग्याची वायर ओढून आली, आणि घरात जी शांतता झाली तिचाच कानाला त्रास व्हायला लागला.

आतली खोली उघडी होती. फळ्यांच्या मधल्या जागेत चटई, उशी, मलमाची डबी, आणि बशीत डासांची कॉइल, अर्धी जळलेली. आग अशी नव्हतीच. आतल्या अंधारात डास फार चावतात म्हणून म्हाताऱ्याने आज पहिल्यांदाच ती पेटवली होती. कोपऱ्यात सिलिंडर भरलेला, दाबाचा काटा जागच्या जागी. आणि सिलिंडरच्या तोंडाशी पिन.

त्याने खिशातून आपली पिन काढून बघितली. तांबडी फीत, त्याचीच. मग ही? तिला फीत नव्हती. पांढरी चिंधी बांधलेली होती, लॉन्ड्रीत सदऱ्याला बांधतात तशी. त्यावर न पुसणाऱ्या शाईने बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, बाबा.

"मालकांनी दिली," ती दारातून म्हणाली. "चहा पिताना. म्हणाले, वहिनी, तो म्हणतो आत कुणी जात नाही, पण घर म्हटलं की माणूस आत जातं. कुणी जायचं असेल तर आधी ही लावा, मग माणूस आत सोडा. बाबांना दुपारी आत निजवते मी. उन्हाळा लागल्यापासून. आधी पिन, मग बाबा. उठले की आधी बाबा, मग पिन."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत मला, हा गॅस काय करतो ते?"

त्याने आपली पिन परत खिशात टाकली.

"आणि आज सांगत होते," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. "पिन लावलेली आहे ते माहीत होतं मला. पण ते यंत्र, उद्या पिन निसटली, बिघडली, मला काय कळतं त्यातलं? भोंगा वाजला तशी मी दाराशी धावले, किल्ली फिरवत होते आणि तुमचा फोन. वाटलं, तुम्हाला यातलं कळतं, तुम्ही सांगाल काय करू. तुम्ही म्हणालात, दार उघडू नकोस. घरात कोण आहे, कुठे आहे, एवढंही विचारलं नाहीत हो. मी फोन टाकला आणि दार उघडलं."

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला नाही. ती तिथे नुसतीच उभी होती हे त्याला कळत होतं, आणि आत जाण्याचं धैर्य त्याला होत नव्हतं.

मागून वडिलांनी त्याच्या सदऱ्याला धरलं. म्हाताऱ्याने आता कानात यंत्र घातलं होतं आणि चेहरा एवढासा झाला होता. मुलगा कामावरून रडत धावत आला, गल्ली जमली, सून बोलेना. यातून त्यांनी काढायचा तो अर्थ काढला होता.

"चुकलं रे माझं," ते म्हणाले. "मला त्या खोलीत जायला नको होतं. ती कॉइल... तुझ्या खेळांना काही झालं नाही ना? ती किंमतवाली खोकी? धूर बसला का त्यांच्यावर?"

काडी ओढली तरी दचकणारा हा माणूस आयुष्यात इतका कधी घाबरला नव्हता, जितका तो आपल्या बापाला आपल्याला घाबरलेलं बघून घाबरला. त्याने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. आवाज फुटला तो असा, की खाली जिन्यातल्यांनीही ऐकलं.

"काही झालं नाही, बाबा! काही नाही झालं!"

दुसऱ्या दिवशी सिलिंडर स्कूटरवर बांधून त्याने दुकानात नेऊन दिला. मालकांनी यंत्र उघडलं, उसंत किती लावलेली आहे ते बघितलं, आणि त्याच्याकडे बघितलं. तिथे त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी झाकण लावलं आणि चहा मागवला.

विमा गेला. सोय नाही तर जबाबदारी नाही, असं त्या गोड बोलणाऱ्या माणसाने गोड शब्दांत कळवलं. खोकी बाहेरच्या खोलीत आली, पश्चिमेच्या उन्हात, वरच्या बाईच्या झाडांखाली, जुन्या चादरी पांघरून. वरच्या दोन-तीन खोक्यांचा रंग आत्ताच उडायला लागला आहे. वडिलांची खाट आतल्या खोलीत गेली. सिलिंडर ज्याला बांधला होता तो कोयंडा भिंतीतच राहिला, त्यावर ते सदरा टांगतात. उशाशी ती पहिली कॅसेट, चष्म्याशेजारी. बायको दोन आठवडे त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एक दिवस तिने आपणहून सांगितलं, की लॉन्ड्रीत वाफेने तिचं मनगट भाजलंय. सूज उतरायच्या आत सांगितलं. त्याने घाबरायचं टाळलं नाही, पण आधी मनगट बघितलं.

धसका तो धसकाच. खिशात अजून पिन असते, पण ती चिंधी बांधलेली. सुट्टीच्या दिवशी दुपारी घर निजलं की तो चपला काढून आतल्या खोलीत जातो. वडील भिंतीकडे तोंड करून झोपलेले असतात, यंत्र चष्म्यापाशी काढून ठेवलेलं. पावलांचा आवाज त्यांना येणं शक्य नाही. तो वाकतो, श्वास रोखून त्यांच्या नाकाशी बोट धरतो.

"आहे रे, आहे," डोळे न उघडता म्हातारा म्हणतो. "जा, खेळ जा."